चुकीला जागा ठेवणारी रायफल

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र अधिनियमात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात ती एकावरच आणण्याचा बेत होता. वाडवडिलांकडून आलेल्या बंदुकांचे काय, असा प्रश्न पुढे आला आणि दोनवर तडजोड झाली. उरलेली तिसरी वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. भुदरगड तालुक्यातल्या एका स्नेह्यांच्या वाड्यात तेव्हा अशा तीन बंदुका होत्या: बाराबोअरची दुनळी, लहानशी पॉइंट टू-टू, आणि आजोबांनी १९३० च्या दशकात मुंबईहून आणवलेली .३७५ मॅग्नम रायफल. जमा कोणती करायची यावरून पंगतीत जो वाद झाला, तो मी पानावर बसून ऐकला. थोरल्या काकांच्या मते .३७५ हा घराण्याचा मान होता आणि तिला हात लावणे म्हणजे आजोबांच्या तसबिरीला हात लावणे होते. पुण्याहून आलेल्या नातीच्या मते ते खुनाचे हत्यार होते, आणि ते जमाच काय, भट्टीत घालून वितळवावे, म्हणजे पुढच्या पिढीला निदान त्याचे कौतुक तरी करावे लागणार नाही. भात संपेपर्यंत दोघांनीही आपापली वाक्ये तीन-तीनदा म्हटली. वर्तमानपत्रांत आणि चर्चासत्रांत जुन्या शिकारी शस्त्रांविषयी जे बोलले जाते, तेही मला या पंगतीहून फारसे वेगळे वाटत नाही.

माझे मत आधीच सांगतो. ती रायफल वितळवू नये, आणि ती देव्हाऱ्यातही ठेवू नये. मधल्या बोअरच्या, म्हणजे मध्यम व्यासाच्या नळीच्या, जुन्या शिकारी रायफलीचे आकर्षण खरे आहे आणि ते वाटणाऱ्याने लाजण्याचे कारण नाही. मात्र ते कशाचे आहे, हे तिची बाजू घेणाऱ्यांनाही नीटसे उमगलेले नसते. ते पराक्रमाचे नाही. एका अगदी गद्य, हिशेबी गुणाचे ते आकर्षण आहे: माणूस चुकणार, हे गृहीत धरून घडवलेले ते हत्यार आहे. हा गुण ओळखला, तर तिचे काय करावे या सार्वजनिक प्रश्नाचे उत्तरही थोडे बदलते.

जेवणानंतर काकांनी रायफल तेलकट कापडातून बाहेर काढली. वजन चार किलोच्या आसपास. हातात घेतली की भार पुढेही झुकत नाही आणि मागेही ओढत नाही. अक्रोडाच्या दस्त्यावर, मुठीत धरण्याच्या जागी कोरलेल्या बारीक चौकटी झिजून जवळजवळ सपाट झाल्या होत्या. मागच्या बाजूला नेम धरण्याची तीन पाती होती, एक कायमचे उभे आणि दोन आडवी पडणारी, त्यांवर १००, २००, ३०० असे यार्डांचे आकडे. नळीच्या टोकाला हस्तिदंती मण्याची माशी, म्हणजे नेम धरण्याचा पुढचा ठिपका, जुन्या दातासारखी पिवळी पडलेली. बोल्ट मागे ओढून पुढे सारला की माउझर बनावटीचा लांब पोलादी आकडा काडतुसाच्या बुडाची कड पकडतो आणि ते बाहेर फेकले जाईपर्यंत सोडत नाही. घाईत, वाकड्या हाताने, अगदी रायफल उलटी धरून बोल्ट चालवला तरी काडतूस निसटत नाही. मी ३०० चे पाते नखाने उचलून पाहिले. ते हलेना. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत ते कोणी उचललेच नव्हते.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने हे काडतूस १९१२ साली बाजारात आणले. नळीचा व्यास ०.३७५ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, ३०० ग्रेनची म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे अडीच हजार फूट. काडतुसाचा आकार लांब आणि निमुळता आहे, कारण त्या काळचे कॉर्डाइट, म्हणजे काडतुसातली स्फोटक दारू, उष्ण देशातल्या उन्हात तापले की नळीतला दाब वाढे, आणि उडालेले निमुळते काडतूस अडकून न बसता सहज बाहेर येई. काडतुसाचा खांदा, म्हणजे ते गोळीकडे जिथे अरुंद होते तो भाग, इतका उतरता आहे, की काडतूस नळीत नेमके कुठे थांबावे हे ठरवायला बुडाशी धातूचा एक पट्टा द्यावा लागला. पुढे इतर कारखानदारांनी ज्यांना मुळीच गरज नव्हती अशाही काडतुसांना हा पट्टा चढवला, कारण पट्टा म्हणजे मॅग्नम आणि मॅग्नम म्हणजे जोर, असे गिऱ्हाइकाच्या मनाने घेतले होते. गरजेचा दागिना कसा होतो, याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. परंतु मूळ काडतुसात शोभेसाठी असे काहीच नव्हते. त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी संभाव्य फजितीला दिलेले उत्तर होते.

‘मधली’ म्हणजे कशाकशाच्या मधली? एका टोकाला ७ मिलिमीटरच्या हलक्या रायफली होत्या, तर दुसऱ्या टोकाला .४५० पासून .६०० पर्यंतच्या जाड नळ्यांच्या दुनळ्या, ज्यांतली सर्वांत मोठी ५८ ग्रॅमची गोळी फेकी आणि ज्यांचा धक्का सहन करणे हेच एक वेगळे काम असे. हलक्या रायफलीची कीर्ती वॉल्टर बेल या स्कॉटिश हस्तिदंत-शिकाऱ्याने वाढवली. त्याने आफ्रिकेत हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतले बहुसंख्य ७ मिलिमीटरच्या माउझरने. हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता, आणि गोळी तिथे गेली तर तिची जाडी किती याने फरक पडत नाही, हे त्याचे म्हणणे शरीरशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे. पण हे म्हणणे कुणाला लागू पडते? दररोज नेमबाजी करणाऱ्या, थंड डोक्याच्या, वर्षानुवर्षे हत्तींच्या मागे चालणाऱ्या एका माणसाला. त्याची नक्कल करू गेलेल्यांनी किती हत्ती जखमी करून सोडले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. आणि ज्यांची नक्कल फसली त्यांतले काही जण ती सांगायला उरले नाहीत. उलट जाड नळीची दुनळी अंगावर धावून आलेले जनावर थोपवी, पण ती दिवसभर वाहून न्यावी लागे, तिची किंमत साध्या माणसाच्या आवाक्याबाहेर असे, आणि तिच्या धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्या हाताला तिचा काही उपयोग नसे.

मधल्या बोअरची रायफल या दोघांच्या मधल्या माणसासाठी होती, आणि तो माणूस म्हणजे आपण सगळे. दम लागलेला, घामाने हात ओले झालेला, चार बोटे मागे किंवा दोन बोटे खाली नेम चुकणारा. अशा चुकीनंतरही गोळी पुरेशी आत जावी आणि जनावराचे हाल मिनिटांत संपावेत, दिवसांत नव्हे, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा. बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूक कारागिराने १९०५ मध्ये ९.३ मिलिमीटरचे काडतूस बनवले, तेही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतल्या शेतकऱ्यांना साध्या, स्वस्त माउझरमध्ये बसेल अशा बेताने. ज्याला शिकारीचा छंद नाही पण ज्याच्या कुंपणात रानरेडा शिरतो, अशा माणसाचे ते हत्यार होते. आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती, रानरेडा, सिंह यांच्यासाठी .३७५ किंवा ९.३ मिलिमीटर ही किमान मर्यादा कायद्याने घातलेली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात पर्यटकांना पायी फिरवणारे रक्षक .३७५ किंवा .४५८ खांद्यावर घेऊन चालतात, आणि ती कधी उडवावी लागू नये हीच त्यांच्या कौशल्याची कसोटी असते. बेलचे उदाहरण समोर असतानाही कायद्याने बेलला प्रमाण मानले नाही. कायद्याने चुकणारा माणूस प्रमाण मानला.

आता विरोधी पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ते असे, की वस्तू तिच्या इतिहासापासून सोडवता येत नाही, आणि या वस्तूचा हिंदुस्थानातला इतिहास अन्यायाचा आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. संस्थानिकाच्या किंवा साहेबाच्या मचाणाकडे जनावर वळवायला जो हाका घातला जाई, त्यात गावेच्या गावे वेठीने उभी केली जात, आणि वर बसलेल्याने अर्धवट जखमी केलेले जनावर झुडपात शिरले की त्याची पहिली गाठ काठी घेतलेल्या हाकेवाल्याशी पडे. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात शिकारीवर निर्बंध आले. त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या फासे लावणारा कातकरी किंवा कोरकू ‘चोरटा शिकारी’ ठरला, आणि परवाना घेऊन आलेला साहेब ‘स्पोर्ट्समन’. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारलेले तीन चित्ते भारतातल्या अखेरच्या चित्त्यांपैकी मानले जातात. तेही रात्री, मोटारीच्या दिव्यांच्या झोतात. यात कसली आली मर्दुमकी? जुने शिकारी सभ्य होते, नियम पाळत, तेच खरे पहिले निसर्गरक्षक होते, असे जे काका म्हणाले आणि अनेक जण म्हणतात, त्याला जिम कॉर्बेटचे एक नाव पुढे करण्यापलीकडे फारसा आधार नाही. कॉर्बेट अपवाद होता आणि अपवादाच्या आडून सगळा दरबार सोवळा करून घेता येत नाही.

तरीही वितळवण्याचा युक्तिवाद इथेच अडखळतो. भट्टीत घातल्याने नेमके काय साध्य होणार? वाघ वाचणार असतील तर मी स्वतः कोळसा घालीन. पण १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरले होते, ते काही महागड्या इंग्रजी रायफलींनीच तिथवर आणले नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत जीप आल्या, शोधदिवे आले, पीकसंरक्षणाच्या नावाखाली बंदुकांचे परवाने वाटले गेले, मारलेल्या गुरावर कीटकनाशक शिंपडण्याची युक्ती सर्वत्र पसरली, आणि रानाची शेते झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चोरट्या व्यापाराने जे वाघ खाल्ले, ते बहुतांशी लोखंडी सापळ्यांनी आणि विषाने. विदर्भात तर रानडुकरासाठी वीज सोडलेली तार वाघालाही तेवढ्याच सहजतेने मारते. तिचा कुणी परवाना घेत नाही आणि तिच्यावर कुणी कोरीवकाम करत नाही. या शतकात जगभर गाजलेली शिकार कोणती, तर २०१५ मध्ये झिम्बाब्वेत मारलेला सेसिल हा सिंह. त्याच्यावर रायफल चाललीच नव्हती. तो बाणाने जखमी झाला आणि कित्येक तास तसाच हिंडल्यावर मारला गेला. त्या घटनेवर संतापलेल्यांपैकी किती जणांनी या तपशिलाचा अर्थ लावला? बाण जुना, शांत आणि ‘नैसर्गिक’ वाटतो, रायफल आधुनिक आणि क्रूर वाटते. प्रत्यक्षात जनावराच्या वेदनेचा हिशेब केला तर उत्तर नेमके उलटे येते.

शिवाय शस्त्राकडे पाहण्याची आपली स्वतःची रीत तरी कुठे सुसंगत आहे? खंडेनवमीला आपण तलवारीला हळदकुंकू वाहतो, संग्रहालयात दांडपट्टा पाहायला मुलांना नेतो, आणि ती सारी माणसे मारण्याची साधने होती हे आपल्याला अडत नाही. त्यावर नात म्हणाली, की तलवारीने निदान राज्य राखले, या रायफलीने काय राखले? मुद्दा चांगला होता आणि पंगतीत त्याला उत्तर मिळाले नाही. माझे उत्तर असे, की संग्रहालयात वस्तू तिच्या पुण्याईवर ठेवली जात नाही. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरे काचेआड उभी आहेत आणि शिकारीची छायाचित्रे भिंतीवर आहेत. राजवाड्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर दाजीपूरचे रान आहे, जे पूर्वी कोल्हापूर दरबाराचे शिकारीचे राखीव होते आणि १९५८ पासून गव्यांसाठी अभयारण्य आहे. दरबाराने शिकारीसाठी राखले म्हणून ते रान उरले, ही गोष्ट शिकारीचे समर्थन ठरत नाही, पण ती खरी आहे. आणि ती समजायची तर गवा, रान आणि रायफल हे तिन्ही समोर असावे लागतात. त्यांतले एक वितळवले तर उरलेल्या दोघांची गोष्ट सोपी होईल, खरी होणार नाही.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे आणि तो हौशी लोकच घेतात: हे काडतूस शंभर वर्षांपूर्वीचे, आता दुर्बिणी आहेत, नव्या गोळ्या आहेत, हजार यार्डांवरून नेम साधतो, मग या जुनाट वस्तूचे प्रेम म्हणजे निव्वळ भाबडेपणा. इथे मी एक कबुली आधी देतो. .३७५ ही केवळ जवळून मारण्याची रायफल, ही तिच्या भक्तांची आवडती दंतकथा आहे. तिच्या गोळीचा मार्ग .३०-०६ या सर्वपरिचित काडतुसाच्या जड गोळीहून फारसा निराळा नाही, आणि दुर्बीण लावली तर अडीचशे यार्डांवरही तिचे काम चोख होते. ती जवळून वापरली गेली याचे कारण तिच्यात नसून वापरणाऱ्याच्या डोळ्यात, त्या पिवळ्या मण्यात आणि दाट रानात होते. पण म्हणून हजार यार्डांचा अभिमान मान्य करायचा का? गोळी हजार यार्ड गाठायला सेकंदाहून अधिक वेळ घेते आणि तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते. ते पाऊल कोणत्याही यंत्राला आधी कळत नाही. नवी दुर्बीण नेमबाजाची चूक कमी करते हे खरे, पण त्याच्या जोरावर तो अशा अंतरावर जातो, जिथे उरलेल्या चुकीला जागाच नसते. जुनी रायफल चुकीसाठी जागा ठेवत होती. नवा शौक ती जागा अंतरात खर्चून टाकतो.

सरकारची नजर मात्र नेहमीच बोअरच्या आकड्यावर राहिली आहे. १९०७ मध्ये हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली, कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री त्याच बोअरच्या होत्या आणि शिकाऱ्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या कामी येईल अशी धास्ती होती. परिणाम एवढाच झाला, की लंडनच्या कारागिरांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी काडतुसे काढली आणि हत्तीला फरक कळला नाही. स्वतंत्र भारतातही .३०३ हा लष्करी बोअर नागरिकांना निषिद्ध राहिला आणि सरकारी कारखान्याने त्यांच्यासाठी .३१५ ची रायफल बनवली. संख्या तीनवरून दोनवर आणणारी २०१९ ची दुरुस्ती याच परंपरेतली आहे. गुन्ह्यांत वापरली जाणारी गावठी कट्ट्यांची जात परवान्यावर नसतेच. मोजल्या जातात त्या कपाटातल्या. मी मर्यादेच्या विरोधात नाही, बंदुका कमीच असाव्यात. पण जमा होणाऱ्या हजारो शस्त्रांमध्ये कोणते केवळ लोखंड आहे आणि कोणते दस्तऐवज, हे पाहणारी यंत्रणा या कायद्यासोबत यायला हवी होती.

ज्या रायफलीला अशी वागणूक मिळाली, तिचे उदाहरण आहे. १९०७ मध्ये चंपावतची वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट दिली. दस्त्यावर तसे कोरलेली चांदीची पट्टी आहे. त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. ती मेली मात्र कॉर्बेटच्या स्वतःच्या हत्याराने नव्हे. त्याच्याजवळची काडतुसे संपली आणि शेवटची गोळी त्याने तहसीलदाराच्या खिळखिळ्या बंदुकीतून झाडली. हे त्यानेच प्रांजळपणे लिहून ठेवले, म्हणून आज ती चांदीची पट्टी वाचताना तिच्यामागची फजितीही आपल्याला ठाऊक असते. रायफल पुढे त्याच्या प्रकाशकांकडे, नंतर तिच्या मूळ कारखान्याकडे गेली आणि २०१६ मध्ये कुमाऊँत आणून लोकांना दाखवली गेली. ती पाहायला आलेल्यांमुळे एकही वाघ कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

आणि प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ११ व्या कलमाने माणसाच्या जिवाला धोका ठरलेले जनावर मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक आजही देऊ शकतात. २०१८ मध्ये यवतमाळच्या पांढरकवडा भागात वाघिणीच्या बाबतीत तसे झाले, तेव्हा मारावी की मारू नये यावर कित्येक महिने न्यायालयात आणि रस्त्यावर भांडण झाले. कशी, कुणी, किती अंतरावरून हे प्रश्न ती मेल्यानंतर विचारले गेले. मारण्याची वेळ न येणे सर्वांत चांगले. पण ती आलीच, तर साधनाची निवड आणि चुकीसाठी ठेवलेली जागा ही क्षुल्लक तांत्रिक बाब राहत नाही, आणि हे ज्ञान ज्या वस्तूंमध्ये साठलेले आहे त्या वितळवून टाकणारा समाज पुढच्या वेळीही मेल्यानंतरच प्रश्न विचारील.

वाड्यातला निकाल अखेर व्यवहाराने लागला. उसात डुकरे येतात म्हणून बाराबोअर ठेवली, धाकट्या मुलाला नेमबाजीची आवड म्हणून पॉइंट टू-टू ठेवली, आणि .३७५ विक्रेत्याकडे गेली. मी सोबत होतो. रायफलीच्या पेटीत आजोबांची एक छोटी वही निघाली, पेन्सिलीने लिहिलेली. बहुतेक नोंदी एका ओळीच्या: तारीख, रानाचे नाव, जनावर. एक नोंद मात्र पानभर होती, १९५३ च्या मे महिन्यातली. गवा, साठ पावलांवर. पहिली गोळी मागे बसली. दोन दिवस माग काढला, दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यात सापडला, जिवंत. खाली शाईने, बहुधा नंतर कधीतरी, लिहिले होते: ‘लहान रायफल असती तर सापडला नसता. माझा हात हलला.’ त्यापुढे गव्याची नोंद नाही. विक्रेत्याच्या कारकुनाने रायफलीचा क्रमांक, बोअर आणि दस्त्याला गेलेला तडा पावतीवर उतरवून घेतला. वहीसाठी पावतीत रकाना नव्हता, म्हणून ती त्याने काकांना परत दिली.